दोन लिप्या, एक कळ

मोबाइलवर नवनवी ॲप्स उतरवून पाहण्याचा मला नाद आहे. कळफलकाची चार-पाच ॲप्स चाळताना 'इन्स्क्रिप्ट' मांडणीतली एक गंमत ध्यानात आली. जी कळ दाबून मराठी 'क' उमटतो, तीच दाबली की कन्नड 'क' उमटतो. लिपी बदलली तरी बोटाला जागा बदलावी लागत नाही.

हा योगायोग नव्हे. ब्राह्मीच्या या लेकींची वर्णमाला एक, तेव्हा कळाही एक, या विचाराने १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी प्रमाण ठरवली. त्याच धर्तीचा 'इस्की' संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडनेही आपल्या लिप्यांसाठी इस्कीचाच क्रम उचलला. म्हणून युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी 'क'च्या ८९६ घरे पुढे कन्नड 'क' बसतो आणि 'ळ'च्या तितकीच घरे पुढे कन्नड 'ळ'.

पाट्यांवरच्या लिपीवरून आपल्या भागात काय काय झाले, ते वाचकांना सांगायला नको. पण मराठीच्या 'बाळा'त आणि कन्नडच्या 'हळ्ळी'त नांदणारा हा 'ळ' दोन्ही घरांचा आहे. आता मुले रोमन अक्षरांत मराठी टंकतात. तिथे 'ल' आणि 'ळ' दोघांनाही एकच 'एल'. त्यामुळे बाळाचा 'बाल' होतो आणि हळ्ळीची 'हल्ली'. नुकसान दोन्ही भाषांचे आहे. नातवंडांच्या हाती फोन देताना ही सामाईक कळ तेवढी दाखवून ठेवावी.