दांतांवरील कीट आणि विकर

कल्याणाहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी टिटवाळा मागें टाकते आणि भातसेच्या कांठीं खडवली येतें. १८५५ सालीं लोहमार्ग येथून पुढें वाशिंदपर्यंत गेला, त्या काळीं खेड्यापाड्यांतील दंतधावन म्हणजे बाभळीची काडी, राख आणि मीठ. कित्येक घरांत मशेरीहि असे. भाजलेल्या तंबाखूच्या त्या भुकटीनें हिरड्यांतून येणारें रक्त कमी दिसतें; रोग मात्र आंतल्या आंत वाढतच राहतो. बिचाऱ्या बायकांना तेंच औषध वाटे!

सुश्रुतानें हिरड्यांच्या रोगांत शीताद, दंतवेष्ट, उपकुश यांची गणना केली असून दांतांवर कठीण होऊन बसणाऱ्या मळास दंतशर्करा म्हटलें आहे. पण हा मळ जिवंत आहे, हें कळलें १६८३ सालीं. डेल्फ्ट येथील लीउवेनहुक या कापडविक्यानें आपल्याच दांतांवरची पांढरी साय खरवडून भिंगाखालीं धरली, तों तींत असंख्य जीव वळवळतांना दिसले. कडक शिरक्यानें चूळ भरली, तरी फटींतले जीव जिवंतच! शिरका थराच्या आंत पोहोंचत नाहीं, वरवरचे तेवढे जीव मरतात, असें त्यानें ताडलें. पुढल्या सर्व खटपटींची मेख येथेंच आहे.

निसर्गानें लाळेंत स्वतःचा पहारेकरी ठेविला आहे. जंतूंची भिंत फोडणारें लायसोझाइम हें विकर फ्लेमिंगनें १९२२ सालीं प्रसिद्ध केलें. १९६५ सालीं डेन्मार्कमधील आऱ्हूस येथें १२ निरोगी माणसांनीं दांत घासणें सोडलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणें सुरू होतांच बऱ्या झाल्या. म्हणजे दोष थराचा.

हा थर टिकतो चिकट्यामुळें. जंतू साखरेपासून डेक्स्ट्रान नांवाचा चिकट पदार्थ करतात. १९६८ सालीं अमेरिकेंत फिट्झगेराल्ड प्रभृतींनीं हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांस डेक्स्ट्रानेज हें विकर दिलें, तेव्हां थर व कीड दोन्हीं घटलीं. माणसाच्या तोंडांत मात्र तें यश मिळालें नाहीं. चूळ क्षणभर राहते, लाळ तिला धुऊन नेते. शिवाय चिकटा एकाच जातीचा नसतो, आणि एका कुलपाची किल्ली दुसऱ्यास लागत नाहीं. मग कांहीं दंतमंजनांत निराळी योजना आली: विकरांकरवीं लाळेंतील पहारेकऱ्यासच बळ द्यावयाचें. हिचा उपयोग होतो, पण घासण्याच्या जोडीनें, घासण्याऐवजीं नव्हे.

दगड झालेलें किटण तर विकरांनीं विरघळतच नाहीं. तें दंतवैद्यानें हत्यारानें खरवडावें लागतें. तें शिकविणारें नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय मुंबईंत १९३३ सालीं निघालें, तेव्हां खडवलीवरून लोहमार्ग गेल्यास ७८ वर्षें लोटलीं होतीं.