मनगट बांधायचं की कापायचं? एका दुखण्याचा इतिहास

तत्त्वज्ञानात आपण ‘कारण’ या शब्दावर तासन्‌तास बोलत असतो. आज हाच शब्द मनगटाला लावून बघू. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं बधिर होतात, हात झटकला की जरा बरं वाटतं. या दुखण्याला आज कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. त्याचं कारण कुठे शोधायचं? मनगटाच्या आत, की त्या हाताच्या दिवसभराच्या कामात? शस्त्रक्रियेविना उपचारांचा इतिहास या दोन उत्तरांमध्ये हेलकावे खातो.

सुरुवात इटलीपासून करू. बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यानं एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा काय? १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. एका जागी बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण, अशी तीन कारणं तो देतो. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात आधी थकायला लागला, मग लुळाच पडला. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, तर थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली. हा विकार आजच्या अर्थानं कार्पल टनेलच होता असं म्हणता येणार नाही, पण प्रश्न विचारण्याची दिशा इथे पक्की झाली. हात बदलला तरी काम तेच राहिलं, तर दुखणं पाठलाग करतं.

आता लंडनला येऊ. सर्जन जेम्स पॅजेट यानं १८५३ साली छापलेल्या व्याख्यानांत एका माणसाची हकीकत आहे. मनगटाजवळचं हाड मोडलं, जुळताना जास्तीचं हाड वाढलं आणि तिथून जाणाऱ्या मीडियन नर्व्हवर दाब आला. अंगठ्याला आणि दोन बोटांना जखमा झाल्या, त्या काही केल्या भरेनात. मग तळहाताकडची बाजू सैल राहील अशा रीतीनं मनगट बांधलं आणि जखमा भरल्या! हात पुन्हा वापरायला लागल्यावर मात्र जखमा परत आल्या. म्हणजे बघा, या दाबाची जी पहिली स्पष्ट नोंद आपल्याला ठाऊक आहे, तिच्यातला उपचार शस्त्रक्रियेचा नाही, बांधण्याचा आहे. आणि त्याची मर्यादाही तिथेच लिहून ठेवलेली आहे.

पुढे १८८० साली बॉस्टनच्या जेम्स पटनम यानं ३७ रुग्णांची नोंद केली. बहुतेक स्त्रिया, आणि हात बधिर होण्याचा त्रास मुख्यतः रात्रीचा. १९१३ साली पॅरिसमध्ये मारी आणि फुआ यांनी एका ८० वर्षांच्या माणसाचं शवविच्छेदन केलं, तेव्हा मनगटातल्या पट्ट्याच्या वर ही नर्व्ह सुजलेली दिसली. वेळीच तो पट्टा कापला असता तर, असं त्यांनी सुचवलं. इथून कारण मनगटाच्या आत गेलं. रचना साधी आहे: खाली आणि बाजूंना हाडं, वर चिवट पट्टा, आणि त्या बोगद्यातून बोटं मिटवणारे ९ टेंडन आणि ही एक नर्व्ह. गर्दी वाढली की चेंगरते ती नर्व्ह.

क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यानं १९५० नंतर हे दुखणं घरोघरी पोहोचवलं. १९६६ साली त्यानं ६५४ हातांचा अनुभव छापला. पण हा कामधंद्यातून येणारा रोग नव्हे, असं त्याचं मत. त्याच्या रुग्णांत मध्यमवयीन गृहिणी पुष्कळ होत्या ना! आता आम्ही विचारतो, पिळणं, मळणं, घासणं हे काम नव्हे काय? रामाझिनीनं तर धुणं धुणाऱ्या बायकांवर वेगळं प्रकरण लिहिलं होतं. अर्थात दुसरी बाजूही खरी आहे. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइड यांमुळेही हा त्रास होतो. सगळा दोष कामावर टाकणं हीसुद्धा घाईच.

१९८१ साली गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यातला दाब मोजला. निरोगी मनगट सरळ असताना सरासरी २.५ मिलिमीटर पारा, रुग्णांमध्ये ३२. रुग्णाचं मनगट आत वाकवलं तर ९४, मागे वाकवलं तर ११०. रात्रीच का दुखतं, याचा एक उलगडा इथे होतो, कारण झोपेत आपण मनगट दुमडून ठेवतो. म्हणून आज मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री लावायला सांगतात. पॅजेटची युक्तीच, पण मोजमाप करून सुधारलेली.

आणि पुण्याचाही इथे धागा आहे बरं का. १९९८ साली अमेरिकेत ४२ रुग्णांवर प्रयोग झाला. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची ११ आसनं, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे. पकड सुधारली, वेदना कमी झाली. नर्व्हच्या वहनाच्या चाचणीत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, तेव्हा अभिमानही बेतानंच बाळगू.

मग शस्त्रक्रिया टाळावीच का? नेदरलँडमधला २००२ चा अभ्यास बघा. दीड वर्षानं शस्त्रक्रियेच्या गटात ९० टक्के लोकांना गुण आला, पट्ट्याच्या गटात ७५ टक्के. पण पट्ट्याच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे सौम्य, सुरुवातीच्या दुखण्यात पट्टा, कामात बदल, गरज पडली तर डॉक्टरांकडून स्टिरॉइडचं इंजेक्शन, हा मार्ग रास्त आहे. बधिरपणा दिवसभर टिकत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल जायला लागला असेल, तर ‘बिनाशस्त्रक्रिया’ हा हट्ट होतो. गेलेला स्नायू परत येईलच असं नाही.

पॅजेटच्या रोग्याकडे शेवटी एकदा वळू. हात बांधला की बरा, सोडला की आजारी. विश्रांतीचं औषध स्वस्त दिसतं, पण ज्याचं पोट रोजच्या हातावर आहे, त्याला ते सगळ्यात महाग पडतं. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईला ‘हात कमी वापरा’ म्हणणं सोपं आहे. तिला मजुरी विड्यांच्या मोजणीवर मिळते. म्हणून रामाझिनीचा प्रश्न आपण थोडा लांबवू: तुमचा धंदा काय, आणि हाताला विसावा देणं तुम्हाला परवडतं का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकट्या डॉक्टरांनी द्यायचं नाही, ते आपल्या सगळ्यांचं काम आहे.