दुर्बिणीतून फुप्फुसाची तपासणी : ब्रॉन्कोस्कोपीला जाण्यापूर्वी

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसतो, मग सीटी स्कॅन होते आणि त्यानंतर डॉक्टर कागदावर एक शब्द लिहून देतात : ब्रॉन्कोस्कोपी. घरी पोहोचेपर्यंत त्या शब्दाचे सोपे भाषांतर कोणीतरी करून दिलेले असते, ‘घशातून नळी घालणार’. तेव्हापासून रुग्णाची झोप उडते. दुखेल का, हा प्रश्न मनात येतो, पण तो दुसरा. पहिली भीती वेगळीच असते. ज्या वाटेने श्वास घ्यायचा, त्याच वाटेत नळी घातली तर श्वास घ्यायचा कसा?

या प्रश्नाचे उत्तर मापात आहे. प्रौढ माणसाची मुख्य श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते. तपासणीची लवचीक दुर्बीण पाच ते सहा मिलिमीटर जाडीची, म्हणजे शाळकरी पेन्सिलीहून किंचित बारीकच असते. तिच्या भोवतीने हवा ये-जा करीत राहते. शिवाय पूर्ण वेळ नाकाशी प्राणवायूची नळी असते आणि बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी दाखवीत असतो. ते खाली येऊ लागले, तर डॉक्टर थांबतात आणि गरज पडल्यास दुर्बीण बाहेर घेतात. पोटाची दुर्बीण करून आलेल्या परिचितांच्या अनुभवावरून अनेक जण हिची कल्पना करतात. ती दुर्बीण अन्ननलिकेत जाते आणि हिच्यापेक्षा बरीच जाड असते. दोन्हींची गल्लत करू नये.

ही तपासणी कशासाठी सांगितली जाते, याची कारणे अनेक आहेत. बेडक्यातून रक्त पडणे, औषधे घेऊनही न हटणारा न्यूमोनिया, फुप्फुसाचा एखादा भाग आक्रसून बसणे, छातीच्या मध्यभागी वाढलेल्या गाठी, सीटी स्कॅनमध्ये दिसलेली संशयास्पद सावली. आपल्याकडे यात क्षयरोगाचा वाटा मोठा आहे. सांतिनेजचे जुने क्षयरोग इस्पितळ आठवणाऱ्या पिढीला थुंकीची तपासणी ठाऊक आहे. परंतु काही रुग्णांना बेडका पडतच नाही, तर काहींच्या थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि एक्स-रे मात्र क्षयाकडे बोट दाखवीत असतो. अशा वेळी दुर्बिणीतून फुप्फुसाच्या नेमक्या त्या भागात सलाईन सोडून ते पुन्हा ओढून घेतात. या धुवणात आलेल्या पेशी आणि जंतू प्रयोगशाळेत तपासले जातात. सीबीनॅट यंत्रावर क्षयाच्या जंतूचा आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही याचा निकाल दोनेक तासांत लागतो. केवळ अंदाजाने सहा महिने क्षयाची औषधे घेत राहण्यापेक्षा एका सकाळचा हा त्रास पुष्कळ परवडला.

कर्करोगाचा संशय असेल तर दुर्बिणीतून बारीक चिमटा आत सरकवून मांसाचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतले जातात. श्वासनलिकेच्या आतील अस्तराला वेदनेची जाणीव फारशी नसल्याने तुकडा घेतल्याचे बहुधा कळतही नाही. ‘गाठीला हत्यार लागले की रोग पसरतो’ ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी कित्येक कुटुंबे तपासणी महिनोन्महिने लांबणीवर टाकतात. दुर्बिणीतून घेतलेल्या अशा तुकड्यामुळे रोग फैलावतो, याला वैद्यकीय आधार नाही. उलट तुकड्याविना उपचार सुरूच करता येत नाहीत, कारण फुप्फुसाचा कर्करोग एका जातीचा नसतो. लहान पेशींच्या कर्करोगाची औषधे निराळी, इतर प्रकारांची निराळी. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल सापडला तर रोजच्या गोळीवरही उपचार करता येतो. ते ठरते त्या कणीएवढ्या तुकड्यावरूनच.

या तपासणीचा जन्म मात्र निदानासाठी झाला नाही. तो अडकलेली वस्तू काढण्यासाठी झाला. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियन या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा धातूच्या सरळ नळीतून पाहून बाहेर काढला. वस्तू उजव्या बाजूला जाण्याचे कारण साधे आहे : उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि अधिक उभी असते. पुढे सत्तर वर्षे ही ताठ नळीच वापरात होती. जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात काचतंतूंची वाकणारी दुर्बीण घडवली, तेव्हा रुग्णाला पूर्ण भूल न देता फुप्फुसाच्या दूरच्या शाखांत पाहता येऊ लागले. ताठ नळी मात्र अडगळीत गेलेली नाही. शेंगदाणा, चिंचोका, खेळण्यातली शिट्टी असे काहीबाही लहान मुलांच्या श्वासनलिकेत गेले की आजही पूर्ण भूल देऊन बहुधा तीच वापरतात. घरात चार वर्षांखालील मूल असेल तर अख्खे शेंगदाणे त्याच्या हाताला लागू देऊ नयेत. खाताना अकस्मात ठसका लागला आणि नंतर एकाच बाजूला घरघर राहिली, तर ‘सर्दी असेल’ म्हणून वाट पाहू नये.

आता तयारीविषयी. यात धैर्यापेक्षा प्रामाणिकपणा अधिक उपयोगी पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते तपासणीची तारीख ठरतानाच सांगावे, त्या दिवशी सकाळी नव्हे. क्लोपिडोग्रेलसारखे औषध तुकडा घ्यायचा असल्यास पाच ते सात दिवस आधी थांबवावे लागते. वॉरफरिनही काही दिवस आधी थांबवून रक्त गोठण्याची चाचणी करतात. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. मात्र यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने परस्पर गोळी सोडली, तर दुर्बिणीपेक्षा मोठा धोका त्यानेच ओढवून घेतलेला असतो. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर शक्यतो किमान चार आठवडे तपासणी पुढे ढकलतात. मधुमेहींनी उपाशी राहण्याच्या दिवशी इन्सुलिन वा गोळी किती घ्यायची हे विचारून लिहून घ्यावे. दम्याचा पंप सोबत न्यावा. दात काढताना दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनने पूर्वी कधी त्रास झाला असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण घसा बधिर करण्यासाठी बहुधा त्याच जातीचे औषध वापरतात. आणि रोज फेणीचा पेला होत असेल, तर बायकोमुलांसमोर नको म्हणून लपवू नये. नियमित मद्यपान करणाऱ्याला गुंगीचे औषध वेगळ्या प्रमाणात लागते. डॉक्टरांना एकांतात सांगावे, पण सांगावेच.

आदल्या रात्री हलके जेवावे. तपासणीपूर्वी सहा तास अन्न नाही. दुधाचा चहा त्यातच मोडतो. साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, तरी आपल्या रुग्णालयाची सूचना काय आहे ती पाळावी. हा नियम शिस्तीसाठी नाही. बधिर घशातून पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले, तर आटोक्यात न येणारा न्यूमोनिया होऊ शकतो. सकाळी ‘थोडीशीच’ पोळी खाल्ली असेल तर ते कबूल करावे आणि तारीख बदलून घ्यावी. कवळी काढून ठेवावी, हलता दात दाखवून द्यावा, नखांचा रंग पुसावा, कारण बोटावरच्या चिमट्याला तो चकवतो. जुने एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म्स सोबत असाव्यात. दुर्बीण फुप्फुसाच्या कोणत्या शाखेत न्यायची, हे त्या पाहूनच ठरते.

आणखी एक गोष्ट, जी सूचनापत्रकांवर छापलेली नसते. आपल्या घरांत आजाऱ्याला अंधारात ठेवण्याला माया समजतात. माझ्या मावशीला तिच्या मुलाने ‘छातीतला कफ काढणार आहेत’ एवढेच सांगून नेले होते. टेबलावर आडवी झाल्यावर तिने ती काळी लांब नळी पाहिली आणि उठून बसली. तपासणी त्या दिवशी झाली नाही. आठ दिवसांनी तिला सगळे सांगून, दुर्बिणीचे चित्र दाखवून पुन्हा नेले. वीस मिनिटांत आटोपले. बाहेर आल्यावर ती मुलावर रागावली होती, आणि तो राग नळीबद्दल नव्हता. संमतिपत्रावर सही रुग्णाची असते. शुद्धीवर असलेल्या, समजउमज असलेल्या प्रौढ माणसाच्या जागी मुलाने वा नवऱ्याने सही करणे हा रिवाज असेल, पण नियम नव्हे. सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : नुसते पाहणार आहात की तुकडाही घेणार, गुंगी देणार की केवळ घसा बधिर करणार, आणि यातून उत्तर मिळाले नाही तर पुढे काय?

प्रत्यक्ष तपासणी बहुधा पंधरा ते तीस मिनिटांची असते. गाठींतून सुईने नमुने घ्यायचे असतील तर तासभरही लागतो. हाताच्या शिरेत सुई लावली जाते. घशात औषधाचा फवारा मारतात, नाकावाटे जायचे असेल तर नाकात जेल भरतात. औषध कडू असते. काही क्षणांतच घसा सुजल्यासारखा, आवंढा गिळता न आल्यासारखा वाटतो. पुष्कळ जण इथेच घाबरतात. प्रत्यक्षात सूज आलेली नसते, केवळ जाणीव गेलेली असते. श्वासाचा मार्ग मोकळाच असतो. त्यानंतर गुंगीचे औषध मिळाले तर पुढचे बरेचसे आठवत नाही. दुर्बीण स्वरतंतूंमधून खाली उतरते तेव्हा जोराचा खोकला येतो. तो दाबण्याचा प्रयत्न न करता नाकातोंडाने उथळ, संथ श्वास घेत राहावा. डॉक्टर आतूनच बधिरतेचे औषध आणखी सोडतात आणि ढास शमते. धुवण घेताना छातीत गार पाणी फिरल्यासारखे वाटते. नळी स्वरतंतूंच्या मधोमध असल्याने बोलता येत नाही. म्हणून ‘थांबा’ सांगण्यासाठी हात कसा वर करायचा, ते आधीच परिचारिकेशी ठरवून घ्यावे. ही खूण ठरली की निम्मी भीती ओसरते.

तपासणीनंतर साधारण दोन तास पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. घसा अजून बधिर असतो आणि गिळलेले कुठे जाते याची त्याला खबर नसते. मग आधी पाण्याचा लहान घोट, ठसका लागला नाही तर कोमट पेज. गुंगी दिली असल्यास त्या दिवशी, चोवीस तास उलटेपर्यंत, स्कूटर वा गाडी चालवू नये, मद्य घेऊ नये, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत. सत्तरी-काणकोणहून वा सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातून बांबोळीला गोमेकॉत येणाऱ्यांनी म्हणूनच सोबत एक धडधाकट माणूस आणावा आणि परतीच्या बसची घाई ठेवू नये.

एक-दोन दिवस आवाज बसतो, घसा खवखवतो. तुकडा घेतला असेल तर थुंकीत रक्ताच्या रेषा दिसतात. धुवण घेतलेल्यांना त्या संध्याकाळी ताप येऊ शकतो. तो बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो. फुप्फुसाच्या अगदी आतल्या भागातून तुकडा घेतला तर शंभरातील साधारण एक ते पाच जणांच्या फुप्फुसाला बारीक छिद्र पडून हवा बाहेर साठते. म्हणून घरी सोडण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढतात. कधी हवा आपोआप शोषली जाते, कधी बरगड्यांतून नळी टाकून काढावी लागते. घरी गेल्यावर दम वाढू लागला, छातीत एकाएकी टोचल्यासारखे दुखले, रेषांऐवजी चमचा-चमचा रक्त पडू लागले किंवा ताप दिवसभरानंतरही चढाच राहिला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

अहवाल एकदम हाती येत नाहीत. सीबीनॅटचे उत्तर लवकर मिळते, तुकड्याचे निदान यायला सहसा आठवडाभर लागतो, आणि क्षयाच्या जंतूंच्या वाढीची तपासणी सहा ते आठ आठवडे चालते. पहिला अहवाल ‘काही आढळले नाही’ असा आला म्हणून बाकीचे न्यायला न जाणारे रुग्ण बरेच असतात. कोणकोणते नमुने कुठे पाठवले, ते घरी निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. निदान कर्करोगाचे निघाले आणि पुढे मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात जायचे ठरले, तर तिथे केवळ कागद पुरत नाही. काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा हेही मागतात. ते प्रयोगशाळेतून लेखी अर्ज करून मिळतात. रेल्वेचे तिकीट काढण्याआधी ते हाती घ्यावेत.