ट्रकचं इंजिन बदलताय? मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परवडेल का? सातारा-सांगलीच्या गाडीमालकांसाठी संपूर्ण माहिती

ऊस हंगाम तोंडावर आला की गॅरेजच्या दारात जुन्या ट्रकांची रांग लागते. कुणाचं इंजिन धूर मारतंय, कुणाचं जाम झालंय. नवी गाडी घ्यायची ऐपत नसते आणि कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो. मग जुन्या गाडीत दुसरं इंजिन चढवायचं ठरतं. इंजिन मिळतंही. त्यानंतर प्रश्न येतो गिअरबॉक्सचा.

अलीकडे बरेच तरुण मालक विचारतात, "इंजिन बदलतोच आहे, तर सोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स का नको?" शेतातून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लच प्लेट जळते. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात सारखे गिअर बदलून पाय भरून येतो. चांगले ड्रायव्हरही मिळेनात. त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण भंगारात स्वस्तात दिसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उचलण्याआधी खालची माहिती वाचा.

ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय?

क्लचचं पेडल नसलं की आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणतो. प्रत्यक्षात ट्रकमध्ये दोन वेगळे प्रकार येतात.

पहिला प्रकार एएमटी. यात आतला गिअरबॉक्स आपल्या नेहमीच्या गिअरबॉक्ससारखाच असतो आणि क्लच प्लेटही असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हवेवर किंवा मोटरवर चालणारे भाग करतात. कधी काय करायचं ते कंट्रोलर, म्हणजे छोटा कॉम्प्युटर ठरवतो. आपल्याकडे छोट्या कारमध्ये ही पद्धत 2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून लोकांना माहीत झाली.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये नेहमीची क्लच प्लेट नसते, तेलाच्या दाबावर ताकद पुढे जाते. अग्निशमनाच्या गाड्या, खाणीतले डंपर आणि शहरातल्या काही लो-फ्लोअर बसमध्ये हे गिअरबॉक्स सापडतात. या क्षेत्रातल्या ॲलिसन कंपनीचा कारखाना चेन्नईजवळ आहे. भंगारात किंवा लिलावात ट्रकच्या मापाचा ऑटोमॅटिक दिसला, तर तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या गाडीतून उतरवलेला असतो.

सुटा गिअरबॉक्स स्वस्त का मिळतो?

कारण तो एकटा चालत नाही. ऑटोमॅटिक बसवायचा तर सोबत हे सगळं लागतं:

- टॉर्क कन्व्हर्टर आणि फ्लायव्हीलच्या जागी बसणारी फ्लेक्स प्लेट
- त्याच गिअरबॉक्सचा कंट्रोलर आणि पूर्ण वायरिंग, कनेक्टर न कापलेलं
- गिअर निवडायचा लिव्हर किंवा बटणांचा पॅड
- तेल थंड करायचा कूलर आणि त्याचे पाइप
- नवीन माउंटिंग, क्रॉस मेंबरमध्ये बदल, प्रोपेलर शाफ्टची लांबी कमी-जास्त करणं
- एएमटी असेल तर हवेच्या टाकीपासून वेगळी लाइन

यातला कंट्रोलर आणि वायरिंग हीच खरी अडचण. ऑटोमॅटिकला इंजिनकडून सतत माहिती लागते: ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती फेऱ्यांवर आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात ही माहिती वायरमधून मिळते. जुन्या पंपाच्या इंजिनात ती मिळतच नाही, वेगळे सेन्सर बसवावे लागतात. ते बसवून नीट जुळवणारा माणूस तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही.

हिशेब करून बघा. समजा गाडी उभी राहिल्यामुळे दिवसाला 3 हजार रुपये बुडतात. कंट्रोलर शोधण्यात आणि जुळवण्यात 20 दिवस गेले, तर 60 हजार तिथेच गेले. गिअरबॉक्स स्वस्तात मिळाल्याचा फायदा हंगामातच संपतो.

आणखी दोन गोष्टी ड्रायव्हरला सांगून ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही. आणि बंद पडली तर प्रोपेलर शाफ्ट सोडल्याशिवाय ओढत न्यायची नाही. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही, त्यामुळे मागची चाकं फिरली की गिअरबॉक्स कोरडा घासतो. घाट उतरताना रिटार्डर नसेल तर साध्या गिअरबॉक्ससारखं इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

मग परवडणारा मार्ग कोणता?

बहुतेक मालकांसाठी उत्तर सरळ आहे. चढवताय त्या इंजिनासोबत कंपनीने जो मॅन्युअल गिअरबॉक्स दिला होता, तोच शोधा. शक्यतो इंजिन, क्लच सेट आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून उतरवलेला सेट घ्या. सेटची किंमत सुट्या मालापेक्षा जास्त वाटते, पण लेथवरचं काम, माउंटिंग आणि चार चकरा वाचतात.

ऑटोमॅटिक हवाच असेल तर एकच अट ठेवा: इंजिन, गिअरबॉक्स, कंट्रोलर, वायरिंग, कूलर असा पूर्ण सेट आणि तोही चालू गाडीतून डोळ्यांसमोर उतरवलेला. नाहीतर क्लचचा त्रास कमी करायला आधी क्लच बूस्टर, प्रेशर प्लेट आणि पेडलची लिंकेज दुरुस्त करून बघा. निम्मी तक्रार तिथेच संपते.

माप जुळतं का, हे आधी बघा

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाला बेल हाउसिंग म्हणतात. डिझेल इंजिनात त्याची मापं बऱ्याचदा एसएई नंबरने ठरलेली असतात. बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास असा:

- एसएई 1: सुमारे 530 मिमी, 12 भोकं
- एसएई 2: सुमारे 467 मिमी, 12 भोकं
- एसएई 3: सुमारे 429 मिमी, 12 भोकं

समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावा, नंबर कळेल. मात्र सगळ्या कंपन्या हे माप पाळत नाहीत. म्हणून जुन्या इंजिनाच्या हाउसिंगचा पुठ्ठ्यावर छाप काढून सोबत न्या. याशिवाय इनपुट शाफ्टचे दाते, त्याची लांबी, पायलट बेअरिंगचा आकार आणि क्लच प्लेटचा व्यास जुळायला हवा.

दुसरं, ताकद. टाटाच्या जुन्या मॉडेलचा नंबरच बरंच सांगतो. 1613 म्हणजे साधारण 16 टन आणि 130 हॉर्सपॉवर, 2518 म्हणजे 25 टन आणि 180 हॉर्सपॉवर. 130 च्या गाडीतला गिअरबॉक्स 180 च्या इंजिनामागे लावला, तर रिकामी गाडी पळेल. भरलेला ऊस घेऊन चढ लागला की दाते उडतील.

तिसरं, मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो. समजा तो 6 आहे आणि चाक एका फेरीत 3.2 मीटर जातं. टॉप गिअर सरळ असेल तर 2000 फेऱ्यांवर गाडी ताशी 64 किलोमीटरच्या आसपास जाते. 0.75 चा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स लावला तर तोच वेग 85 होतो. हायवेला डिझेल वाचेल, पण चढाला तो गिअर उपयोगाचा नाही. तुमची गाडी शेत ते कारखाना एवढीच फिरणार असेल, तर ओव्हरड्राइव्हसाठी जादा पैसे मोजू नका.

माल कुठे शोधायचा?

आधी जवळचं बघा. कराड, सांगली-मिरज आणि साताऱ्यातली जुनी गॅरेजं आणि स्पेअरवाले यांच्याकडे उतरवलेला माल असतो, आणि बिघडला तर परत जाता येतं. लेथचं काम किंवा हाउसिंगचं मशिनिंग लागलं तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडतं. लांबचा पर्याय म्हणजे मुंबईतला कुर्ल्याचा भंगार बाजार. तिथे निवड मोठी आहे, पण वाहतूक खर्च धरा आणि मिस्त्रीला सोबत न्या.

सरकारी खात्यांच्या आणि महामंडळांच्या जुन्या मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. मात्र तिथे माल ठोक विकला जातो, एका गिअरबॉक्ससाठी तो मार्ग परवडत नाही. तसंच 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडायच्या आहेत. अशा केंद्रांचे नियम सप्टेंबर 2021 मध्ये आले. जवळच्या केंद्रात चौकशी केली तर कागदासह माल मिळू शकतो.

जुना गिअरबॉक्स तपासायचा कसा?

1. ट्रकच्या बहुतेक गिअरबॉक्सला बाजूला पीटीओचं झाकण असतं. ते उघडायला लावा आणि बॅटरीच्या उजेडात दाते बघा. तुटलेला, चावलेला किंवा खड्डे पडलेला दाता दिसला तर सोडून द्या.
2. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला बारीक चुरा चिकटलेला चालतो. तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर घेऊ नका.
3. इनपुट शाफ्ट हाताने हलवा. पायलट बेअरिंगमध्ये नसल्याने थोडा खेळ असतो. पण खडखड आवाज आला किंवा पुढे-मागे सरकला तर बेअरिंग गेलेलं आहे.
4. सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून शाफ्ट फिरवून बघा.
5. ऑटोमॅटिकचं तेल लालसर असावं. काळं आणि जळकट वास येणारं तेल म्हणजे आतल्या प्लेटा गेल्या.

आपल्या भागात पुराची तपासणी वेगळी करावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळी कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला वर हवा जायचं भोक असतं, तिथून पाणी आत शिरतं. तेल दुधाळ दिसलं, शाफ्टवर गंजाचे डाग असले किंवा कवचाच्या खाचांत वाळलेला गाळ असला तर समजून जा. मॅन्युअल गिअरबॉक्स बेअरिंग बदलून वाचतो. ऑटोमॅटिकच्या प्लेटा आणि कनेक्टर पाण्यात गेले की तो वाचवणं महाग पडतं.

कागदपत्रं: इथे चूक करू नका

आरसी बुकावर गिअरबॉक्सचा नंबर नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा गिअरबॉक्स बदलणं ही दुरुस्ती आहे. इंजिनाचं मात्र तसं नाही. इंजिन नंबर आरसीवर असतो.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच सांगितलं. म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आणि काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी, हा सरळ मार्ग आहे. मॅन्युअलचं ऑटोमॅटिक करणं हाही मूळ तपशिलातला बदल आहे, तेव्हा ते आधी लेखी विचारून घ्या. बिनपरवाना बदल केल्यास कलम 182-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एमएच-11 ला सातारा, एमएच-50 ला कराड आणि एमएच-10 ला सांगली कार्यालयात जा. सोबत ठेवायचं:

- इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल
- ज्या गाडीतून इंजिन उतरवलं तिच्या आरसीची प्रत किंवा स्क्रॅप केल्याचा कागद
- आपलं आरसी, विमा, पासिंग आणि पीयूसी
- बँक किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची लेखी संमती

बीएस-4 च्या गाडीत स्वस्त मिळालं म्हणून बीएस-3 चं इंजिन चढवू नका. 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, तिथे नंबर तपासला जातोच. नोंद झाली की विमा कंपनीलाही कळवा. अपघात झाल्यावर इंजिन नंबर जुळला नाही तर क्लेम अडवायला तेवढं कारण पुरतं.

बिलाशिवाय इंजिन किंवा गिअरबॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. माल चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलिसांची चौकशी तुमच्यामागे लागते, आणि गाडी हंगामभर ठाण्याच्या आवारात उभी राहू शकते.

थोडक्यात

पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचारा: सेट पूर्ण आहे का, हाउसिंगचं माप जुळतं का, ताकद पुरेशी आहे का, पुरातला माल नाही ना, आणि पक्कं बिल मिळेल का. विक्रेत्याकडून बिलावरच 15 दिवसांत बदलून देण्याची अट लिहून घ्या. काम हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढा. गिअरबॉक्स शोधायला आणि आरटीओची परवानगी काढायला तेव्हा वेळ मिळतो, आणि गाडी उभी राहिली तरी उसाची खेप बुडत नाही.