मूळ गाव कुठलं? अटलांटाच्या वर्गातले आलेख

मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये एका डॅशबोर्डवर काम चालू होतं. कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. घरी आल्यावर जुने आलेख बघत बसलो आणि एकापाशी अडकलोच. वर वेगवेगळ्या रंगांच्या तीन सरळ रेघा, आणि खाली जिलबीसारखं गोल गोल वळत गेलेलं मोठं लाल वेटोळं. १९०० सालचा, शाई आणि जलरंग वापरून हाताने काढलेला.

विषय असा की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले कृष्णवर्णीय १८९० मध्ये शहरात किती राहतात आणि खेड्यात किती. दहा हजारांपेक्षा मोठ्या शहरांत ७८,१३९. खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. दुसरा आकडा पहिल्याच्या नऊपट! त्याच मापाने सरळ रेघ काढली तर ती कागदाबाहेर जाणार, म्हणून ती वळवली. आपण असतो तर लॉग स्केल लावून मोकळे झालो असतो. पण मग त्या लाल रंगाचा धाक गेला असता.

हे आलेख काढले अटलांटा विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी. त्यांना समाजशास्त्र शिकवणारे प्राध्यापक म्हणजे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. (आडनाव फ्रेंच पद्धतीने म्हणू नका, ते स्वतः ‘डू बॉइस’ म्हणायचे.) जन्म १८६८ चा. १८९५ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पण समाजशास्त्र शिकवायला मिळणं सोपं नव्हतं. आधीच्या विल्बरफोर्स विद्यापीठात त्यांना लॅटिन, ग्रीक, जर्मन असं सगळं शिकवायला लावलं. ‘मोकळ्या वेळात समाजशास्त्र शिकवतो’ म्हणाले, तरी नकारच!

मग १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियाला बोलावलं. शिकवायला नाही हं. शहराच्या सातव्या वॉर्डात कृष्णवर्णीयांची दाट वस्ती होती आणि शहरातल्या मोठ्या लोकांच्या मते तो वॉर्ड हीच एक ‘समस्या’ होती. तिची पाहणी करायची होती. ना ऑफिस, ना वर्ग, ना विद्यार्थी. नवीन लग्न झालेलं. नवरा-बायको त्याच वस्तीत एका खाणावळीच्या वरच्या खोलीत राहिले. डू बॉइस एकटेच दारोदार फिरले, सुमारे २,५०० घरं.

इथे थोडं माझं सांगतो. मी नांदेडहून पुण्याला आलो तेव्हा भाड्याची खोली शोधताना दारात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “मूळ गाव कुठलं?” प्रश्न फक्त गावाचा नसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. एका काकूंनी गाव ऐकलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाल्या, “कालच खोली गेली बाळा.” पुढच्या महिन्यात तीच खोली ॲपवर दिसत होती.

डू बॉइससुद्धा दारात हाच प्रश्न विचारत होते, पण उत्तर लिहून घ्यायला. वॉर्डातले निम्म्याहून जास्त लोक दक्षिणेतल्या राज्यांत जन्मलेले निघाले. फिलाडेल्फियात जन्मलेले जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे शहर ज्यांना आळशी नि गुन्हेगार म्हणत होतं, त्यातले बहुतेक गाव सोडून पोटासाठी आलेले. आल्यावर कारखान्यांची दारं बंद, कामगार संघटना जवळ करत नाहीत, उरतं काय तर घरकाम नाहीतर हमाली. गरिबीचं कारण रक्तात नाही, बंद दारात आहे. १८९९ मध्ये हे पुस्तकरूपात छापून आलं.

तोवर, म्हणजे १८९७ पासून, ते अटलांटाला आले होते. अखेर स्वतःचा वर्ग मिळाला! शिकवण्याची पद्धत मला फार आवडते. दरवर्षी एक विषय घ्यायचा आणि त्यावर माहिती गोळा करायची. गावोगाव पसरलेले माजी विद्यार्थी प्रश्नावल्या भरून पाठवायचे. एका वर्षी विषय होता धंदा करणारे कृष्णवर्णीय, पुढच्या वर्षी कॉलेजात शिकलेले. दहा वर्षांत दहा विषय, मग पुन्हा पहिल्यापासून, असं शंभर वर्षं करायचा बेत होता. पैसा मात्र कायम अपुरा.

आणि मग १८९९ चा एप्रिल. जॉर्जियातच सॅम होझ नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने हालहाल करून जाळलं. डू बॉइस एका वर्तमानपत्राच्या संपादकाला भेटायला निघाले होते. सोबत शांत शब्दांत लिहिलेलं पत्र. वाटेत कळलं, की त्याच रस्त्यावरच्या दुकानात होझच्या बोटांची हाडं मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच माघारी फिरले. माणसं अशी मारली जात असताना आपण तटस्थ शास्त्रज्ञ राहू शकत नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं. त्याच मे महिन्यात घटसर्पाने त्यांचा तान्हा मुलगा गेला. दोन वर्षांचाही नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आता हा माणूस आकडे टाकून देणार. पण ते लाल वेटोळं या सगळ्यानंतरचं आहे. जेमतेम वर्षभराने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अटलांटाच्या वर्गातले साठेक आलेख भिंतीवर लागले. एका कागदावर दोन नकाशे आहेत. जॉर्जियात जन्मलेले कृष्णवर्णीय आता कुठे राहतात, आणि आता जॉर्जियात राहणारे मूळचे कुठले. दुसऱ्या एकावर त्यांच्या घरातल्या सामानाची करासाठी धरलेली किंमत आहे, १८७५ मध्ये २१,१८६ डॉलर, १८९९ मध्ये १४,३४,९७५. म्हणजे खुर्च्या, पलंग, भांडीकुंडी! गुलामी संपून ३५ वर्षं झालेल्या लोकांची. डू बॉइस स्वतः जहाजाच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले, कारण मांडणी अपुरी होती. सुवर्णपदक मिळालं.

तरी आकड्यांनी जमाव थांबले नाहीत. १९१० मध्ये ते वर्ग सोडून न्यूयॉर्कला गेले आणि ‘द क्रायसिस’ मासिक काढलं. पुढच्या साठ वर्षांत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. वर्ग सोडला हे बरोबर की चूक, यावर माझं आणि माझ्या रूममेटचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो, वेळ वाया घालवला नाही हेच चांगलं. मला वाटतं, शंभर वर्षांचा तो डेटा असता तर!

जाता जाता आपल्याकडचा धागा. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं, त्याच्या प्रती हव्या होत्या. अस्पृश्यांसाठीही तसंच काही करता येईल का, हा विचार त्यामागे होता. ३१ जुलैला उत्तर आलं, तुमचं नाव मी ऐकून आहे आणि प्रत पाठवतो.

ही पत्रं ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहेत आणि आलेख लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. फोन आडवा धरा आणि झूम करा. लाल वेटोळं आधी बघा.