लाखेची कांडी आणि काळा स्विच

गोपनीय पाकीट सीलबंद करायचे झाले की आमच्या कचेरीत मेणबत्ती पेटते. लाखेची तांबडी कांडी ज्योतीवर धरायची, थेंब पाकिटावर पाडायचे आणि मऊ आहेत तोवर मोहोर दाबायची. (एकदा माझे बोटही मोहोरबंद झाले होते, ते असो.) हे काम करताना माझ्या डोक्यावर भिंतीला एक जुना बेकेलाइटचा स्विच असे. तो या लाखेचा दावेदार, हे मला कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते.

आगीजवळ नेली की लाख मऊ होते, पेटतेही. लाक्षागृह उगाच लाखेचे नव्हते! या मऊ होण्यावरच आमच्या कुंकळ्ळीच्या चितारींची कला उभी आहे. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळते आणि पाळण्याच्या खांबावर रंग चढतो. पण वीज आली, तारांवर रोधक लेप द्यायलाही लाखच लागू लागली. ती द्यायची किड्याने, आणि यायची बहुतांशी हिंदुस्थानातून. भाव चढले, तसे पश्चिमेतले रसायनज्ञ पर्यायाच्या मागे लागले.

पर्याय खरे तर समोरच होता. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र आले की राळ तयार होते, हे जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी 1872 सालीच पाहिले होते. पण त्यांना हवे होते रंग. भांड्याला चिकटणारी राळ कोण जपून ठेवणार? मूळ बेल्जियमचे, अमेरिकेत स्थायिक झालेले लिओ बेकेलँड यांनी 1907 साली उष्णता आणि दाब यांच्या जोरावर ती काबूत आणली. एकदा घट्ट झाली की ही राळ तापवूनही मऊ होत नाही. लाखेच्या नेमके उलट.

माझा जीव मात्र अडकला तो जेम्स स्विनबर्न या ब्रिटिश विद्युत अभियंत्यात. त्यांनीही हीच राळ साधली आणि पेटंटचा अर्ज केला, तर बेकेलँड यांचा अर्ज आदल्याच दिवशी दाखल झालेला! आवक-जावक नोंदवहीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून धस्स झाले. एका दिवसाचा शिक्का!

गृहस्थ खचले नाहीत. पितळ काळवंडू नये म्हणून त्यावर द्यायचा या राळेचा लॅकर त्यांनी 1910 साली बर्मिंगहॅममध्ये काढला. (आपल्याकडे त्याला चिंच असते, दर सणाला.) नाव ठेवले ‘डॅमार्ड’, ‘डॅम हार्ड’ या उद्गारावरून. पुढे 1920च्या दशकात ही कंपनी बेकेलँड यांच्या ब्रिटनमधल्या कंपनीत विलीन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले स्विनबर्नच. 1958 साली ते वारले तेव्हा वयाची शंभरी पुरी झाली होती.

तेलरंगात मात्र ही राळ विरघळत नसे. जर्मनीत कुर्ट आल्बर्ट यांच्या कारखान्याने 1910च्या दशकात ती चिराच्या राळेबरोबर शिजवून तेलात उतरवली. मग टुंग तेलात शिजवलेली व्हार्निशे आली. दिवसचे दिवस वाळणारा हात काही तासांत वाळू लागला, होड्यांवर पाण्यात टिकू लागला. इकडे लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ 1924 साली संस्था निघाली.

कचेरीचे वायरिंग बदलले तेव्हा तो स्विच मी मागून घेतला आणि मेणबत्तीवर धरून पाहिला. मऊ काही झाला नाही. फक्त कार्बोलिक साबणासारखा वास सुटला, आणि साहेबांनी आतून विचारले, काय जळतेय?