प्रणाली बदलल्यावर यूएसबी पोर्ट ‘मुके’ झाल्यास...

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सेवा थांबविली. त्याच दिवशीच्या ‘विंडोज ११’च्या अपडेटमुळे ‘रिकव्हरी’ पडद्यावर यूएसबी कीबोर्ड व माउस बंद पडले. २० ऑक्टोबरच्या दुरुस्तीने तो दोष दूर झाला. अपग्रेडनंतर पोर्ट उपकरण ओळखत नसल्यास दोष बहुधा पोर्टचा नसून ड्रायव्हरचा असतो. वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात बोटांचे ठसे घेणारे यंत्र असे अडले, की ‘पीएम-किसान’ची ठशांद्वारे होणारी ई-केवायसी खोळंबते.

काय करावे?

१) संगणक पूर्ण बंद करून वीजजोडणी काही मिनिटे काढावी.

२) उपकरण दुसऱ्या पोर्टला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे.

३) ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील पिवळे चिन्ह असलेली नोंद ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करावा.

४) चिन्ह कायम राहिल्यास संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा ड्रायव्हर घ्यावा.

५) ठसे घेणाऱ्या यंत्रासाठी ड्रायव्हरसोबत ‘आरडी सर्व्हिस’ही नव्याने बसवावी.

एवढे करूनही उपयोग न झाल्यास ‘सेटिंग्ज’मधील ‘रिकव्हरी’तून जुन्या प्रणालीकडे परतता येते. मात्र ही मुभा साधारणपणे अपग्रेडनंतर १० दिवसच असते. तोवर जुन्या फाइली पुसू नयेत.